डाग गेले की येते

४ फेब्रुवारी

माझे चिमणे,

पत्र उघडल्याबरोबर आधी गट्टूचा एक मुका घे, माझ्या वाटचा. खळी पडते त्या गालावर. घेतलास? मग वाच पुढे.

तुझ्या आईनं तुला माझ्या हाताचा फोटो पाठवला म्हणे. मी बसले होते केस विंचरत, ती आली मोबाइल घेऊन. मला वाटलं माझा काढतेय, म्हणून मी छान हसले, मान जरा वाकडी केली, आणि या बाईनं काढला नुसता दंड! वर लिहिलं काय, तर 'बघ तुझ्या लेकाचा पराक्रम.' आता सांग, दहा महिन्यांचा जीव तो, त्याचा कसला पराक्रम? माझ्या मांडीवर उभा राहायला बघत होता. टाच लागली दंडाला. टाच ती केवढी, माझ्या शिवणाच्या अंगुस्तानात मावेल. दुसऱ्या दिवशी बघते तर खांद्यापासून कोपरापर्यंत हात जांभळा! शाई सांडल्यासारखा.

पण त्याचा दोष नाही ग, गोळीचा आहे. मागं तुला नीट सांगितलं नव्हतं, तू बाळंतपणातून उठलेली, कशाला घोर लावायचा. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. माझं हृदय मधूनच ठेका चुकतं. ठेका चुकला की रक्त तिथं रेंगाळतं, रेंगाळलं की गोठतं, आणि ती गुठळी वर डोक्यात गेली की बोलती बंद. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज संध्याकाळी एक. पातळ रक्त म्हटल्यावर जरा कुठं धक्का लागला की आतल्या आत सांडतं. दुखत नाही फारसं. दिसतं नुसतं.

बाकी बारीकसारीक तक्रारी आहेत. दात घासले की हिरड्यांतून लाल येतं. गुडघा ठणकला तरी नेहमीची दुखण्याची गोळी घ्यायची नाही, ती हिच्याशी भांडते. आणि पालेभाजी खायची ती रोज सारखीच, आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही असं चालत नाही. मी म्हटलं, बाई, या वयात आता पाल्याचा हिशोब ठेवू का मी? तर हसल्या. हसल्या की चांगल्या दिसतात, पण हसत नाहीत फार.

आणि तुझ्या बापानं काय केलंय माहिती आहे? सोफे करणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. घरातल्या एकूण एक कोपऱ्याला फोम लावलाय! टेबलाला, पलंगाच्या पायांना, दाराच्या कडीला, वर रेक्झिन ठोकून. चुली­वरच्या कपाटाची कडसुद्धा सोडली नाही. मोलकरीण आली ती दारातच उभी, म्हणाली, 'आजी, घर आहे का गादी?' खाली दुकानात तर मला सोफ्याच्या चौकटींजवळ फिरकू देत नाही. खिळे बंद, दाभण बंद. एका कोपऱ्यात बसवलंय, उशांच्या तोंडाला टाके घाल म्हणाला, तेही अंगुस्तान घालून. नवऱ्याच्या हाताखाली मी दाभणानं काथ्या भरायला लागले तेव्हा हा जन्मलाही नव्हता. आता मला शिकवतोय. पण शिकवताना अगदी त्याच्या बापासारखा दिसतो, म्हणून मी शिकून घेते.

तर असं आहे. मी ठणठणीत आहे. तू गट्टूला घेऊन कधी येतेस? फोन करू नकोस, फोनवर तुझी आई शेजारी उभी राहते आणि मधे मधे तीच बोलते. पत्रच लिही. तू पहिलीत असताना तुझ्या शेजारी बसून मी अक्षरं गिरवली ती काय उगीच?

तुझी,
आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

दुकानात फार गर्दी आहे म्हणून इतक्यात येता येणार नाही, असं लिहायला बसले होते. लिहिलंही. मग फाडलं. तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही.

मी येत नाही, कारण मला भीती वाटते. तो फोटो मी मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, काडी केसभर वाकडी असली तरी मला दिसते. आणि माझ्या समोर बसून माझ्या पोरानं तुझा हात असा केला, ते मला दिसलं नाही! तू हसत होतीस ना. 'मार अजून, मार,' म्हणत होतीस त्याला. तुझी गोळी मला माहीत असती तर मी त्याला तुझ्या जवळ तरी आणलं असतं का?

आता तर तो आणखी दांडगा झालाय. काल यांचा चष्मा ओढून मोडला. नवरा चष्मेवालीचा, आणि काडीला चिकटपट्टी लावून फिरतोय. गट्टूचं डोकं म्हणजे नारळ आहे, जिथं आपटेल तिथं आपटेल.

म्हणून आपण असं ठरवू. तुझे डाग पूर्ण गेले, नवे उठायचे थांबले, की मी येते. तोवर त्याला तुझ्या मांडीवर द्यायचं नाही म्हणजे नाही. रागावलीस तरी चालेल. बाबांच्या फोमला माझा नमस्कार.

तुझी,
चिमणी


११ मार्च

चिमणे, ए चिमणे,

हात बघायला ये माझे! दोन्ही! नवरीचे असावेत असे झालेत. (सुरकुत्या सोड.) एक डाग नाही. दंड साफ, मनगट साफ, पायावरचा तो पेरूएवढा होता तोही गेला. काल सकाळच्या गारठ्यात मी स्वेटरच्या बाह्या वर करून सगळ्या गल्लीतून फिरून आले. पोस्टमनबाई म्हणाली, 'आजी, थंडी नाही का वाजत?' मी म्हटलं, 'बघ, हात बघ!' ती बिचारी बघत राहिली, तिला वाटलं बांगड्या घेतल्यात.

हिरड्यासुद्धा बऱ्या झाल्या. दात खसाखसा घासते, पाणी पांढरं ते पांढरं. किती दिवसांनी बशीभर टोस्ट कडक असे चावून खाल्ले.

तुझा बाप नुसता फुगलाय. म्हणतो, 'माझ्या फोमचा गुण.' येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, वयस्कर माणूस असेल तर घराचे कोपरे माझ्याकडून करून घ्या. आता त्यानं जिन्याच्या कठड्यालाही लावलाय, धरायला गेलं की हात रुततो. तुझी आई म्हणते, 'उद्या माझ्या तोंडाला लावा, म्हणजे सासूबाईंना माझं बोलणं लागायचं नाही.' मी म्हटलं, 'लाव ग, पण आधी माझ्या कानांना लाव.' दोघी हसलो इतक्या की दूध उतू गेलं.

दुकानात काम जोरात आहे. दातांच्या डॉक्टरकडची बाकडी आलीत, त्याच्या बसायच्या खोलीतली. लोकांनी घाबरून घाबरून पार दाबून टाकलीत. त्यांच्या उशा मी शिवतेय. एकेक टाका असा घालते, की दात दुखणारा माणूससुद्धा क्षणभर सुखावेल.

तर आता तू तुझा शब्द पाळ. डाग गेले की येते म्हणालीस. गेले. मी गट्टूसाठी मऊ कापडाचा चेंडू केलाय, आत पिसं भरून. माझी मांडी रिकामी आहे. मी कुणाला बसू देत नाही.

वाट बघणारी,
आजी


१६ मार्च

आजी ग,

पत्र वाचलं आणि भर दुकानात टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे काका नंबर तपासून घेत होते, त्यांना वाटलं त्यांनी अक्षरं बरोबर वाचली म्हणून मी टाळ्या वाजवतेय. ते खूश, मी खूश.

बाबांना सांग, फोमवर स्वतःचं नाव छापा. मला खरंच वाटलं नव्हतं इतका उपयोग होईल.

मी महिनाअखेरीला सुट्टी मागितली आहे. मिळेलच. चांगली आठवडाभर येते. गट्टूला रोज तुझा फोटो दाखवते, तो फोटोला चाटतो. तुझी मांडी राखून ठेव.

तुझी,
चिमणी


२३ मार्च

बाळ,

हे पत्र आईचं आहे, आजीचं नाही, म्हणून निराश होऊ नकोस. फोनवर मी तुला अर्धंच सांगितलं. आजी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी चहा पीत होतो. ती मला सांगत होती की मी चहात दूध कमी घालते, हे तिला लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. रोजचंच. बोलता बोलता तिच्या हातातून कप निसटला. मी म्हटलं, 'असू दे, राहू दे, मी पुसते.' तर ती काहीच बोलली नाही. मी वर बघितलं. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. तोंड एका बाजूनं उतरलेलं. बाळ, तुझ्या आजीच्या तोंडातून शब्द निघेना! मी तेव्हाच तुझ्या बाबांना हाक मारली ती अशी की खालचे कारागीर हातोड्यांसकट वर आले.

दवाखान्यात पोचेस्तोवर तिची जीभ वळायला लागली. पहिलं वाक्य काय बोलली असेल? 'कप फुटला का?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानशी गुठळी होती, वाट सोडून निघून गेली, नशीब थोर. दोन दिवस ठेवून घेतलं. आता घरी आहे, हात पाय नीट चालतात, जीभ तर विचारूच नकोस.

पण एक कोडं आहे. रक्त तपासलं तर ते पातळ नाहीच म्हणे. गोळी घेतच नसल्यासारखं. त्यांनी आजीला विचारलं, ती म्हणाली, रोज घेते. मीही सांगितलं, रोज संध्याकाळी मी स्वतः हातावर गोळी ठेवते, पाण्याचा पेला देते, माझ्यासमोर तोंडात टाकते. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग हा डोस पुरत नाही, सोमवारी पुन्हा तपासून वाढवू. बहुधा तसंच करावं लागेल. तुझे बाबा काल रात्री जेवले नाहीत. नव्या फोमचा गठ्ठा आलाय, तो तसाच बांधलेला पडलाय.

तू येतेस ना? आजी सारखी दाराकडे बघते.

आई


२६ मार्च

आजी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आईला सगळं कळलेलं असेल. तिचं पत्र वाचल्या वाचल्या मी फोन केला. चुगली केली म्हण. शंभरदा म्हण. पण तू गोळी घेत नव्हतीस आणि त्या तुझा डोस वाढवणार होत्या, मग तू ती खरंच घेतली असतीस तर काय झालं असतं याचा मी विचारसुद्धा करू शकत नाही.

आईचं पत्र वाचून मी तुझं आधीचं पत्र काढलं. फोममुळे कोपरे लागायचे थांबले, ठीक. पण आजी, हिरड्यांना कुठला फोम लावला होता बाबांनी?

ते वाक्य मी तेव्हाही वाचलं होतं. वाचून टाळ्या वाजवल्या होत्या.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं. बसले तेव्हा तेच ठरवून बसले होते. पण 'डाग गेले की येते' हे कुणी लिहिलं होतं? मी. तू माझा शब्द पाळायला निघालीस. मला नुसतं म्हणायचं होतं की तुला काही होऊ नये, आणि मी लिहिलं काय तर डाग नकोत.

खरं काय ते तूच लिही. न लपवता. आणि गोळी घे. आई आता 'आ' करायला लावेल, तिच्यावर चिडू नकोस.

तुझी,
चिमणी


२ एप्रिल

चिमणे,

तू पोलिसात जायला हवं होतंस, चष्म्यात कुठं अडकलीस.

तुझी आई लावते ग 'आ' करायला. जीभ वर, जीभ खाली. परवा म्हणाली, 'आई, डाव्या गालात काय आहे?' मी म्हटलं, 'गाल आहे.' पण मी चिडत नाही. दवाखान्यात रात्रभर ती माझ्या पायाशी खुर्चीवर बसून होती, मला वाटलं झोपलीय, तर रडत होती. मी पायानंच तिला हलवलं.

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. तुझं पत्र आलं, मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग हात बघितले. डाग गोळीनं येतात, गोळी बंद तर डाग बंद, एवढा साधा हिशोब. मला वाटलं, थोडेच दिवस, हात स्वच्छ करायचे, तुम्हांला बोलवायचं, गट्टूला पोटभर खेळवायचं आणि तुम्ही गेलात की पुन्हा सुरू. मरायचं नव्हतं ग मला. उलट फार जगावंसं वाटत होतं, म्हणून तर.

तुझी आई हातावर गोळी ठेवायची, मी गालात धरायचे, वर पाणी प्यायचे. ती विश्वासानं वळून जायची. तिची पाठ बघून मला लाज वाटायची, हे खरं. मग खाली दुकानात जायचं, उशीच्या तोंडातून गोळी काथ्यात सरकवायची आणि वर टाका घालायचा. त्या दातांच्या डॉक्टरच्या उशा! माझा टाका कुणी उसवणार नाही याची मला खात्री होती.

तुझा फोन आला आणि तुझ्या बापानं त्या सगळ्या उशा, बांधून गाडीत चढवायच्या म्हणून ठेवलेल्या, एकेक उसवल्या. म्हणाला, तिथं लहान मुलं येतात, एखाद्याच्या हाती लागली तर? काथ्या सगळीकडे. गुडघ्यावर बसून तो गोळ्या वेचत होता. मी म्हटलं, 'अरे, बोल काहीतरी, शिव्या दे.' तो वेचतच राहिला. शेवटची गोळी मिळाली तेव्हा तिथंच बसून म्हणाला, 'आई, तू गप्प झालीस तर मी भांडू कुणाशी?' एवढा मोठा माणूस. केसांत काथ्या अडकलेला. मी त्याचे केस साफ करत बसले.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः सांगितलं, तोंड खाली घालून. त्या रागावल्या, चांगल्याच. रागावल्या तेव्हाही चांगल्या दिसल्या. डोस वाढवला नाही. आधीचीच गोळी, रोज, मनानं एकही चुकवायची नाही, की एक चुकली म्हणून दोन घ्यायच्या नाहीत.

आता डाग पुन्हा उठायला लागलेत. आजच दंडावर एक आलाय, कुठं लागलं आठवत नाही. हिरड्याही लाल. ही गोळी जन्माची सोबत आहे, म्हणजे डागही जन्माचे. मी काही लपवत नाही. तू सुट्टी घेतली होतीस ती तशीच गेली, मी विचारलं नाही, मला तेवढी हिंमत नव्हती. आता तू ठरव. नाही आलीस तरी मी गोळी घेईन, हे मी तुझ्या बापाला बोलले आहे.

आजी


९ एप्रिल

आजी,

येतेय. शनिवारी, गट्टूसकट. मागच्या सुट्टीत निघाले नाही ते भीतीनंच.

डॉक्टरीणबाईंचा नंबर आईकडून घेतला आणि विचारलं. म्हणाल्या, बाळ मांडीवर खुशाल घेऊ दे. डोक्याला मार लागता कामा नये, ते मात्र जपायचं, लागलाच तर दिसायला काही नसलं तरी ताबडतोब घेऊन यायचं. दंडावरचा डाग म्हणजे नुसता डाग. मग मी विचारलं, मुलाला तिच्यापासून लांब ठेवू का? त्या म्हणाल्या, 'तशानं काय होतं ते आपण पाहिलंय ना?'

बाह्या वर करूनच बस.

चिमणी


२९ एप्रिल

माझे चिमणे,

तुम्ही गेलात आणि घर इतकं सुनं झालं, की तुझी आई आणि मी भांडायचंही विसरलो. तुझा बाप उगीच जिन्यावरचा फोम दाबून बघतोय. गट्टूनं त्याचा एक तुकडा चावून नेलाय, तो त्यानं मुद्दाम तसाच ठेवलाय. म्हणतो, आता बदलणार नाही.

काल रक्त तपासायला गेले होते. बरोबर आहे म्हणाल्या, हवं तितकंच पातळ. मी म्हटलं, 'एकदा तरी शाबास म्हणा.' म्हणाल्या हो! आणि मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, 'हे काय लागलं?'

त्या दिवशी दुपारी, तू आंघोळीला गेली होतीस ना, तेव्हाची गोष्ट. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं माझा हात दोन्ही हातांनी धरला, नीट निरखून पाहिला, मला वाटलं बोटं मोजतोय. आणि घातलं की मनगट तोंडात! ते खालचे दोन नवे दात! मी 'अगं आई ग' म्हणून ओरडले तर तो इतका हसला, इतका हसला, की मी हात तसाच ठेवला. तुला सांगितलं नाही. तू परत अटी घालशील या भीतीनं नव्हे हो, मला एकटीला काही वेळ ते माझ्याजवळ ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन दातांचा एक डाग उठला, मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथं. सरकारी शिक्का मारल्यासारखा. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, 'लागलं नाही, हा माझा पणतू आहे.' त्यांनी त्यावरून हळूच अंगठा फिरवला. हसल्या.

पोस्टमनबाईला दाखवला. खाली कारागिरांना दाखवला. दातांचा डॉक्टर नव्या उशा न्यायला आला होता, त्यालाही दाखवला, तो म्हणाला, ठसा अगदी सरळ आलाय, दात चांगले येतील.

पहिल्यांदा जांभळा होता. मग हिरवट झाला. आज सकाळी उजेडात धरून बघितलं, कडेनं पिवळा पडायला लागलाय, एक दात तर दिसेनासाच झालाय. दोनचार दिवसांत जाईल.

कधी येताय?

आजी